छापखान्याला कुलूप

कुठल्याही वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला, मुंगीएवढ्या टायपात एक ओळ असते. हे वृत्तपत्र अमुक यांच्यासाठी मुद्रक व प्रकाशक तमुक यांनी या ठिकाणी छापून त्या ठिकाणी प्रसिद्ध केले. कित्येकदा संपादकाच्या नावावर एक चांदणी असते आणि खाली टीप, की बातम्यांच्या निवडीची जबाबदारी पीआरबी कायद्यानुसार यांच्यावर. ही ओळ कुणी वाचत नाही. मी वाचतो. आमच्या घराण्यात वाचायचं संपलं की औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा वाचतात, हे नातेवाईक मंडळींना माहीत आहेच.

या ओळीत मला एक गोष्ट नेहमी खटकायची. लेख लिहिणारा एक, छापायला योग्य की अयोग्य ठरवणारा दुसरा. मग छापणाऱ्याचं नाव आणि छापखान्याचा पत्ता वाचकाला कशाला हवाय? हॉटेलात जेवताना भांडी कुठल्या कारखान्यातली आहेत हे आपण कुठे विचारतो?

उत्तर सोपं आहे. ती ओळ वाचकासाठी नाहीच. ती फौजदारासाठी आहे.

आपल्याकडे वर्तमानपत्रांच्या गळचेपीचा इतिहास सांगताना आपण तो संपादकांचा इतिहास म्हणून सांगतो. टिळक, आगरकर, शिवरामपंत परांजपे. शाळेत तसाच शिकवला, भाषणांत तसाच ऐकला. तो खोटा नाही. पण कायद्यांच्या तारखा ओळीने मांडून बघितल्या की वेगळंच चित्र दिसायला लागतं. सरकारचा डोळा लेखणीवर जेवढा होता त्याहून जास्त यंत्रावर आणि तिजोरीवर होता. संपादकाला आत टाकलं तर तो मोठा होतो, लोक त्याच्या नावाने पोवाडे म्हणतात. छापखान्याला कुलूप लागलं तर पोवाडा कोण रचणार?

हे अगदी पहिल्या वर्तमानपत्रापासून चालू आहे. २९ जानेवारी १७८० ला कलकत्त्यात जेम्स ऑगस्टस हिकी या माणसाने 'बंगाल गॅझेट' काढलं. हिकी काही ध्येयवादी वगैरे नव्हता. कर्जबाजारी, भांडखोर आणि कुचाळक्यांची आवड असलेला गृहस्थ. पण वॉरन हेस्टिंग्जच्या कारभारावर तो उघड लिहायला लागला. त्यावर पहिला उपाय काय झाला? त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच्या अंकांना पोस्टाची सवलत बंद झाली. म्हणजे तू लिही, छाप, फक्त अंक गावोगाव जाणार नाही. तुरुंग त्यानंतर. तुरुंगातूनही तो अंक काढत राहिला, तेव्हा १७८२ मध्ये त्याचे खिळेच जप्त केले आणि पत्र संपलं. पोस्ट, तुरुंग, खिळे. या तिघांपैकी पत्र कशाने बंद पडलं ते बघा.

पुढे १७९९ साली लॉर्ड वेलस्लीने नियम केले, त्यात मुद्रकाने आपलं नाव अंकाच्या तळाशी छापलंच पाहिजे असा एक नियम होता. म्हणजे आपली ती मुंगीएवढी ओळ सव्वादोनशे वर्षं जुनी आहे. १८३५ मध्ये मेटकाफने बंधनं सैल केली. १८५७ च्या धामधुमीत ती पुन्हा आवळली गेली, आणि १८६७ मध्ये छापखाने आणि पुस्तकं यांच्या नोंदणीचा कायदा आला. छापखाना घालायचा तर मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन लिहून द्यायचं, प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव-गाव घालायचं. हाच तो पीआरबी. तो इंग्रजांबरोबर गेला नाही. पार १ मार्च २०२४ ला त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा लागू झाला, तोपर्यंत तो होता. दीडशेहून जास्त वर्षं! आणि गंमत म्हणजे अंकावर संपादकाचं नाव छापण्याची सक्ती त्यात १९२२ मध्ये आली. त्याआधीची पंचावन्न वर्षं सरकारला संपादकाच्या नावावाचून काही अडलं नाही. मुद्रक मात्र हवाच होता.

या सगळ्यात मराठी पत्र जन्माला आलं ते सैलावत चाललेल्या दिवसांत. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं, एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी. इंग्रजी स्तंभ साहेबाने वाचावा, मराठी आपल्या लोकांनी. ही तेव्हाची पत्रकारिता. दोघांच्या मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला समजावून सांगणारी, सौम्य, विद्वान. 'दर्पण' १८४० मध्ये बंद झालं ते काही सरकारी वरवंट्याखाली नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला प्रत्येक बंद पडलेल्या पत्रामागे जुलूम दिसायची सवय आहे. बरीच पत्रं वर्गणीदारांनी वर्गणी बुडवली म्हणून मेली. असो, तो वेगळा लेख होईल.

जुलमाचं गणित नीट मांडलं ते लॉर्ड लिटनने. मार्च १८७८ चा देशी भाषांतल्या पत्रांचा कायदा. तो फक्त देशी भाषांना लागू होता, इंग्रजी पत्रांना नाही. हा भेदभाव सगळ्यांना आठवतो, आणि 'अमृत बझार पत्रिका' आठवड्याभरात संपूर्ण इंग्रजी झाली ही गोष्टही. पण कायद्याची मेख कुठे होती? मुद्रकाने आणि प्रकाशकाने हमीपत्र लिहून द्यायचं, जामीन म्हणून पैसे भरायचे, मजकूर आक्षेपार्ह वाटला तर पैसे जप्त, पुढे यंत्रसामग्री जप्त. आणि कोर्टात दाद नाही. संपादकावर खटला भरायचा तर साक्षीपुरावे, वकील, ज्युरी, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने, शिवाय विलायतेत प्रश्न. जामीन जप्त करायला एक कागद पुरे. बंगालीतलं 'सोमप्रकाश' हे चांगलं नावाजलेलं पत्र असंच हमीपत्र मागितल्यावर काही काळ थांबलं. तिथे ना कुणाला बेड्या पडल्या, ना मिरवणूक निघाली.

लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत तो कायदा गेला. त्याच सुमाराला पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' निघाली, जानेवारी १८८१ मध्ये. वर्ष-दीड वर्षातच कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहून आले. सुटून आल्यावर त्यांचं स्वागत झालं आणि 'केसरी'चं नाव झालं. तुरुंगाने पत्र मरत नाही, उलट वाढतं, हे १८८२ मध्येच सगळ्यांना दिसलं होतं. सरकारलाही.

तरी सरकारने पुन्हा तेच केलं. १८९७, प्लेगचं वर्ष, रँडचा खून, आणि १५ जूनच्या 'केसरी'त आलेली शिवाजीच्या तोंडी घातलेली कविता आणि उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त यांवरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला समजावताना अप्रीती म्हणजे नुसता प्रीतीचा अभाव असा अर्थ लावला. सरकारवर प्रेम नाही, हाच गुन्हा! (या न्यायाने आपल्यापैकी कितीजण बाहेर राहतील?) ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी लोकांनी निर्दोष. १८ महिने सक्तमजुरी. हे सगळं पाठ असतं आपल्याला. पण त्या खटल्यात आरोपी दोन होते. दुसऱ्या आरोपीचं नाव केशव महादेव बाळ. आर्यभूषण छापखान्याचे व्यवस्थापक आणि 'केसरी'चे मुद्रक. ज्युरीने त्यांना सोडून दिलं. पण निकाल लागेपर्यंत त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल? कविता त्यांनी रचली नव्हती, भाषण केलं नव्हतं, अग्रलेख लिहिला नव्हता. तळाच्या ओळीत नाव होतं, म्हणून ते लोकमान्यांच्या शेजारी उभे. मला टिळकचरित्रातला हा माणूस कधीचा छळतो आहे.

१९०८ ची गोष्ट तर सर्वांना माहीत आहे. फक्त दोन तपशील सांगतो. खटला मराठी लेखांवर, म्हणजे १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. म्हणजे ज्या भाषेतल्या शब्दांवर माणसाला काळ्या पाण्यासारखी शिक्षा द्यायची, ती भाषा ज्युरीच्या घरची नाही. म्हणून टिळकांनी आपल्या भाषणात भाषांतरावर प्रचंड वेळ घालवला. मूळ शब्द काय, सरकारी भाषांतरकाराने कोणता इंग्रजी शब्द घातला, त्याने अर्थ कसा तापला, हे ते सोडवून सांगत बसले. राजकीय भाषण ऐकायला आलेल्यांना ते कदाचित रटाळ वाटलं असेल. मला ते मराठी भाषेच्या बाजूने केलेलं सर्वांत मोठं वकिली काम वाटतं. दुसरा तपशील न्यायाधीशांचा. न्यायमूर्ती दावर. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील दावर, तेच हे. त्यांनी २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा दिली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या.

पुन्हा तेच. संपादक आत, शहर रस्त्यावर.

त्याच महिन्यात 'काळ'चे संपादक शिवराम महादेव परांजपे यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली. 'काळ' १८९८ पासून निघत होतं, आणि त्याच्यावर थोडं थांबायला हवं. कायद्याने मराठी गद्याला काय केलं हे 'काळ'मध्ये दिसतं. सरळ लिहिलं तर १२४ अ, मग शिवरामपंत वाकडं लिहायला लागले. पुराणातली गोष्ट सांगायची, परदेशातला इतिहास सांगायचा, सरकारची अशी स्तुती करायची की वाचणाऱ्याने कपाळावर हात मारून घ्यावा. वक्रोक्तीचा असा सराव मराठीत आधी झाला नव्हता. आणि नुसत्या लेखकाचा नाही, वाचकाचाही. दोन ओळींच्या मधली तिसरी ओळ वाचायला एक अख्खी पिढी शिकली. राजद्रोहाच्या कलमाने मराठीला दिलेली ही देणगी म्हणायची का? मी नाही म्हणणार. एवढ्या ताकदीच्या माणसाला आडवळणाने लिहायला लागलं, हे त्याच्या लेखनाचं सौंदर्य असलं तरी नुकसानही आहे. तो सरळ काय लिहिता झाला असता, ते आपल्याला कधीच वाचायला मिळालं नाही.

आणि सरकारलाही आडवळण कळत होतंच. ओरिएंटल ट्रान्सलेटरच्या कचेरीत दर आठवड्याला देशी पत्रांमधले उतारे इंग्रजीत करून सरकारला गुप्त अहवाल जायचा. सगळ्या लहानमोठ्या पत्रांचा. त्या कचेरीतले कारकून आपलेच लोक. गंमत अशी, की आज कित्येक तालुक्यांच्या छोट्या साप्ताहिकांचा एकही अंक कुठे सापडत नाही. ते काय लिहीत होते हे कळायला एकच साधन उरलं आहे, तो म्हणजे हा सरकारी अहवाल. वाचकांनी रद्दीत घातलं, वाळवीने खाल्लं, आणि पाळत ठेवणाऱ्याने जपून ठेवलं. मराठीतच लिहिलेला मजकूर आता इंग्रजीतून परत मराठीत आणायचा, तोही सरकारी चष्म्यातून आलेला.

'काळ' मात्र तुरुंगाने मेलं नाही. ते मेलं १९१० मध्ये, जामीन मागितल्यावर.

१९१० चा प्रेस अ‍ॅक्ट म्हणजे लिटनच्या कायद्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती. नवा छापखाना घालायचा तर ५०० ते २००० रुपये जामीन. आधीपासून असलेल्याकडून ५००० पर्यंत. एकदा जप्त झाला आणि पुन्हा सुरू करायचं म्हटलं तर १००० ते १०,००० रुपये. हे रुपये १९१० चे आहेत, लक्षात घ्या. तालुक्याच्या गावातल्या छापखान्याचं सगळं सामान विकलं तरी एवढे उभे राहिले नसते. यात हुतात्मा कुणी होत नाही. मालक रात्री हिशेब करतो, सकाळी येऊन म्हणतो, उद्यापासून पत्र छापायचं नाही. सरकारने काही केलेलंच नाही! मालकानेच बंद केलं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही, घरात कळलं. माझे आजोबा, आईचे वडील, जुळारी होते. हल्लीच्या मुलांना शब्द माहीत नसेल. खिळे जुळवणारा तो जुळारी. उजव्या हाताने केसमधून एक एक खिळा उचलायचा, डाव्या हातातल्या स्टिकमध्ये उलटा लावायचा, ओळ भरली की पुढची. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात ट्रेडलवर चालणारा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणपतीच्या वर्गणीची हँडबिलं, आणि आठवड्यातून एकदा चार पानी साप्ताहिक. १९३१ च्या कायद्याने जामिनाची पद्धत परत आणली होती. बेचाळीसच्या आधी कधीतरी त्या मालकाला कचेरीत बोलावणं आलं. काय छापलं होतं ते आजोबांना आठवत नव्हतं. 'आम्ही अक्षर बघतो, मजकूर बघत नाही,' म्हणायचे. (हे खोटं होतं, ते सगळं वाचायचे.) आकडा ऐकून मालकाने साप्ताहिक बंद केलं. ना अटक, ना जप्ती. पावतीपुस्तकं चालू राहिली. साप्ताहिकावर पोट असलेले दोन जुळारी कमी केले, त्यांतले एक आजोबा. पुढची दोन वर्षं त्यांनी किराणा दुकानात पुड्या बांधल्या, आणि आजी सांगायची, की पुडीच्या कागदावरचा मजकूर वाचत बसल्याबद्दल तिथेही बोलणी खायचे.

आजोबांना स्वातंत्र्यसैनिकाचं पेन्शन नव्हतं, आणि ते मागायला हवं होतं असंही मी म्हणत नाही. त्यांनी काही केलंच नव्हतं. तोच तर मुद्दा आहे.

इथे एक दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख लंगडा होईल. पैशाने तोंड बंद करायला सरकारच लागतं असं नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये 'दीनबंधु' काढलं, पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवलं. अशी पत्रं कायम ओढग्रस्तीत. आणि ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं, तेव्हा शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले म्हणून ते निघू शकलं. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापायला नकार दिला होता, असं स्वतः बाबासाहेबांनी नंतर लिहून ठेवलं आहे. ज्या पत्राने राजद्रोहाच्या खटल्यांतून मुद्रणस्वातंत्र्याचा अर्थ महाराष्ट्राला शिकवला, त्याच्या कचेरीत हे घडलं. टिळक हयात होते तेव्हा. 'मूकनायक' तीन-चार वर्षंही टिकलं नाही. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' निघालं तेव्हा त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटेच लिहायचे, कारण पगारी माणसं ठेवायला पैसा नव्हता. ज्याच्याकडे जामीन भरायला पैसे नाहीत आणि ज्याच्याकडे मुळात कागदाला पैसे नाहीत, या दोघांची मुकी अवस्था बाहेरून सारखीच दिसते. एकाला निदान दोष द्यायला व्हाइसरॉय तरी असतो.

स्वातंत्र्य आलं. आता जामीन गेला असेल? १९५१ मध्ये आपल्याच संसदेने आक्षेपार्ह मजकुराचा कायदा केला, त्यात जामीन होता. फरक एवढा की आता तो न्यायाधीशासमोर, ज्युरीच्या सल्ल्याने. फरक लहान नाही. तो कायदा १९५६ मध्ये संपला. पण त्याच वर्षी किंमत आणि पानं यांचा कायदा आला, आणि १९६० मध्ये त्याखाली हुकूम निघाला. किती किमतीला किती पानं द्यायची हे सरकार ठरवणार. हेतू सांगितला तो चांगला, की मोठी पत्रं स्वस्तात जास्त पानं देऊन छोट्यांना मारतात, त्यांना वाचवायचं.

याच्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं कोण? पुण्याचं 'सकाळ'. नानासाहेब परुळेकरांनी अमेरिकेतून शिकून आल्यावर १९३२ च्या पहिल्या जानेवारीला काढलेलं. 'केसरी' मताचं पत्र, 'सकाळ' बातमीचं. गावात पाणी आलं नाही, मंडईत भाजीचा भाव काय, हेही छापण्यासारखं आहे हे मराठी वाचकाला त्याने पटवलं. तर 'सकाळ'चा हिशेब साधा होता. आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पानं, रोजची किंमत ७ नये पैसे. हुकुमाप्रमाणे या किमतीत २४ पानं बसत होती. ३४ हवीत तर किंमत ८ नये पैसे करा. एका नव्या पैशाचा प्रश्न! कुणालाही हसू यावं. पण किंमत वाढली की खप उतरतो, पानं कमी केली की मजकूर. दोन्हीकडून बोलणंच कमी होणार. सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायमूर्ती मुधोळकरांनी निकाल लिहिला, की वाचक किती हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाहेरचं नाही, आणि धंद्यावर नियंत्रण आहे असं म्हणून सरकारला ते कमी करता येणार नाही. माझ्या मते मराठी पत्रकारितेच्या इतिहासात हा निकाल १९०८ च्या खटल्याच्या शेजारी बसायला हवा. पण त्यात मंडाले नाही, म्हणून शाळेच्या पुस्तकात नाही.

मग आणीबाणी. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीज तोडली. पुन्हा बघा, पहिला घाव यंत्रावर. सेन्सॉर नंतर आला. मुंबईत कुणीतरी छोट्या जाहिरातींत एक निधनवार्ता दिली. डी. ई. एम. ओ'क्रसी नावाचे गृहस्थ २६ जूनला वारले, मागे पत्नी टी. रूथ, मुलगा एल. आय. बर्टी वगैरे. मोठ्याने वाचून बघा. 'टाइम्स ऑफ इंडिया'त ती छापून आली. शिवरामपंतांना आवडली असती. पुण्यात 'साधना'ने विरोध सोडला नाही आणि त्याचा त्रास भोगला. मुंबईत मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' या छोट्या मासिकातला मजकूर सेन्सॉरने अडवला, ते हायकोर्टात गेले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, भर आणीबाणीत, मुंबई हायकोर्टाने सेन्सॉरच्या विरुद्ध निकाल दिला. बाकी बहुतेकांनी काय केलं ते सांगायला नको.

आणि त्याच १९७६ मध्ये आक्षेपार्ह मजकुराचा नवा कायदा झाला. त्यात काय होतं ओळखा. छापखान्याकडून जामीन! १८७८, १९१०, १९३१, १९५१, १९७६. राज्यकर्त्यांचा रंग बदलला, भाषा बदलली, युक्ती तीच. १९७७ मध्ये जनता सरकारने तो रद्द केला.

मागच्या लेखानंतर मामाने फोनवर विचारलं होतं, 'आता कसली आलीय गळचेपी, ज्याच्या हातात फोन तो संपादक.' खरं आहे, आता जुळारी नाही, ट्रेडल नाही, मॅजिस्ट्रेटसमोर लिहून द्यायचं नाही. पण मामा, मुद्रक गेलेला नाही. त्याचा पत्ता बदललाय. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर सरकारने सतरा-अठरा पानं बंद करण्याची यादी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना पाठवली. एकेक पान वेगळं काढण्याची कटकट नको म्हणून कित्येक कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं, काही दिवस. तेव्हा लिहिणाऱ्यांना ते आठवत असेल. कुणी पाककृती लिहीत होतं, कुणी कविता. कुणावर खटला नव्हता, कुणाचा लेख आक्षेपार्ह नव्हता. मालकाने रात्री हिशेब केला, बस.

त्यानंतर बऱ्या गोष्टीही झाल्या. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या चार ओळींसाठी अटक झाली, त्यातून देशभर गदारोळ झाला आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते ६६ अ कलमच रद्द केलं. १२४ अ २०२२ मध्ये कोर्टाने स्थगित ठेवलं, २०२४ मध्ये नव्या संहितेत वेगळ्या शब्दांत त्याचा वारस आला. पण पानं बंद करण्याचं ६९ अ कलम तसंच आहे, आणि त्याखालच्या २००९ च्या नियमांत अशा हुकुमांबद्दल गुप्तता पाळण्याची तरतूद आहे. १९१० मध्ये निदान छापखान्याच्या मालकाला कागद हातात मिळायचा. आजोबांच्या मालकाला आकडा तरी कळला होता. आणि जिल्ह्याच्या छोट्या पत्रांचं पोट ज्या सरकारी जाहिरातींवर चालतं, त्या बंद करायला तर कुठलंच कलम लागत नाही.

त्या साप्ताहिकाचा एक अंक मिळावा म्हणून मी बरंच फिरलो. गावच्या वाचनालयात नाही, छापखान्याच्या जागी आता मोबाईल रिपेअरिंग आहे, मालकाच्या नातवाला साप्ताहिक होतं हेच माहीत नव्हतं. आता मुंबईच्या पुराभिलेखागारात जाऊन ते गुप्त अहवाल चाळायचा विचार आहे. तिथे कदाचित दोन ओळी सापडतील. तोवर एक विनंती. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाला, देवघराच्या फळीवर अंथरलेल्या कागदात सातारा-सांगलीकडच्या एखाद्या साप्ताहिकाचा १९४७ आधीचा अंक निघाला तर कृपया रद्दीत घालू नका. शेवटचं पान उलटून तळाची ओळ वाचा, आणि मुद्रकाचं नाव आणि गाव मला कळवा. अंक फाटका असला तरी चालेल.